आधी मी तिथं झोपून बघते

लोकांच्या घरी मी जितक्या वेळा आडवी झाले आहे, तितक्या वेळा जालन्यातला कुठलाही जावई सासुरवाडीला आडवा झाला नसेल. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या न्हाणीशेजारी, एकदा तर चक्क ढेपेच्या पोत्यांवर. घरमालकीण आ वासून बघत उभी असते, तिची पोरं खिदळत असतात आणि मी पदर खोचून, पाय ताणून, डोळे मिटून पडलेली असते. नव्या माणसाला वाटतं, बाईला फीट आली. कांदा आणायला धावतात. कांदा मी ठेवून घेते. घरी कामाला येतो.

तर हा माझा धंदा आहे. घरी राहून काम करणारी माणसं मी लावून देते. स्वयंपाकीण, बाळंतिणीच्या हाताखालची बाई, म्हाताऱ्या माणसाला सोबत, असं कुणाला कोण हवं असेल ते. आसपासच्या खेड्यांतून माणसं माझ्याकडे येतात आणि गावातली घरं माझ्याकडे निरोप पाठवतात. मी मध्ये. निजामाचं राज्य गेलं त्या सुमारास हे सुरू केलं. यंदा महाराष्ट्र झाला तरी चालूच आहे. राज्य कुणाचंही असो, पोळ्या लाटायला कुणीतरी लागतंच. मला सगळे अनसूयामावशी म्हणतात. ज्यांच्याकडची बाई सोडून गेली ते आणखीही काही म्हणतात, पण ते इथं लिहीत नाही; हा दिवाळी अंक घरातल्या पोरीबाळी वाचतात.

भाजी घेताना, देवळात, लग्नाच्या पंगतीत मला बायका एकच प्रश्न विचारतात, आणि तोही असा आवाज खाली आणून की जणू वाघ पाळायचा विचार चाललाय. "मावशी, घरात राहणारी बाई ठेवावी का हो?" मी विचारते, "झोपणार कुठं ती?" यावर बहुतेकींचा चेहरा असा होतो की हा मुद्दा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. बाई राहणार म्हणजे पोळ्या करणार, भांडी घासणार, पोर सांभाळणार इथवर त्यांचा विचार झालेला असतो. तिला पाठ टेकायलाही लागते, हे कुणी धरलेलंच नसतं.

मी स्वतः परकर-पोलक्यात असताना एका घरी राहून काम केलंय. माझी जागा माजघराच्या बोळात होती. पहाटेपासून सगळे मला ओलांडून जायचे: मालक, मालकीण, त्यांचे पाहुणे आणि त्यांचं मांजर. मांजर तेवढं वळसा घालून जायचं. तेव्हापासून माझा नेम आहे. जिथं माझी बाई झोपणार, तिथं आधी मी झोपून बघते. जमिनीला ओल आहे का, छपराला फट आहे का, रात्री कुणाच्या येण्याजाण्याची वाट तिथून आहे का, हे उभ्यानं कळत नाही. आडवं झालं की घर आपणहून बोलायला लागतं.

एका वकीलसाहेबांनी जिन्याखालची जागा दाखवली. म्हणाले, "ऐसपैस आहे." मी आत शिरून आडवी झाले. डोकं भिंतीला टेकलं तेव्हा पाय थेट त्यांच्या बैठकीत निघाले. बैठकीत एक अशील बसला होता, खेड्यातला साधा माणूस. त्यानं जिन्याखालून बाहेर आलेले दोन पाय बघितले, पटकन उठला, टोपी काढली आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमच्या घरी मयत हाय, मला सांगायचं तरी. मी मंग सावकाश येतो." आणि गेला. त्या तडाख्यात वकीलसाहेबांनी माडीवरची खोली दिली.

वडीगोद्रीच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी जागा बरी होती, पण उशाशी खिडकी आणि खिडकीपलीकडे बैलाची गव्हाण. मी डोळे मिटले न मिटले तोच एक खरखरीत, ओली जीभ माझ्या कपाळावरून फिरली आणि कुंकू घेऊन गेली. मी किंचाळले. मालक शांतपणे म्हणाले, "काही न्हाई मावशी, पारखून घेऊन राह्यला. नापसंत असतं तर शिंग लावलं असतं." तिथं लावून दिलेली बाई अजून तिथंच आहे. बैल आता दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही.

एका मास्तरांच्या घरी मास्तरीणबाईंची एकच अट होती: घोरणारी नको. मी शोधशोध शोधून एक अशी बाई दिली की झोपली की श्वास चालू आहे का ते बघावं लागे. दुसऱ्या सकाळी ती बोचकं घेऊन माझ्या दारात. डोळे लाल. "मावशी, घोरणारी नको म्हणल्या, मी न्हाई घोरले. पण मास्तरचं कुणी सांगितलंच न्हाई की वो!"

आणि काही घरांना मी चक्क नको म्हणून सांगते. एक नवरा-बायको होते, दोघंही भले, फक्त एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांना घरात राहणारी बाई हवी होती ती निरोप पोचवायला. "त्यांना म्हणावं, मीठ वाढू का?" "तिला म्हणावं, वाढ." मी तिथं आडवी पडले होते तेवढ्या वेळात माझ्यावरूनच तीन-चार निरोप इकडून तिकडे गेले. उठून म्हटलं, "तुम्हाला बाई नको, खिडकीवाली एक भिंत बांधून घ्या." त्यांना इतकं हसू आलं की त्या भरात ते एकमेकांशी बोलून गेले. माझं गिऱ्हाईक गेलं, पण दोघांच्या भांडणात पडायला मी माझी बाई देत नाही.

मात्र हे झोपणं एकदा माझ्या चांगलंच अंगाशी आलं. ती हकिगत काशीची.

काशी भोकरदनकडची. घरची शेती. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून ही भावाकडे आली. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द जणू तिला विकत आणावा लागत होता. तिला आणायला मी गेले होते, आणि आम्ही पहाटेच्या मोटारीनं जालन्याला निघालो. निम्म्या वाटेवर ती धुळीत खोकत म्हणाली, "मावशी, एक बोलू?"

"बोल की."

"पगार कमी चालंल. काम कितीबी असू दे. जागा कशीबी असू दे. पर दाराला आतून कडी पायजे."

मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"भावाच्या घरी दाराला कडीच न्हाई," ती म्हणाली. "भावजयीचा भाऊ येऊन-जाऊन असतो. पाणी मागायचं निमित्त काढतो. म्या दोन महिने उशाशी खुरपं घेऊन निजून राह्यले."

मला पुढं विचारावं लागलं नाही. मांडीवरचं बोचकं तिनं घट्ट धरलं होतं. त्यात एक जादा लुगडं होतं, फणी होती आणि फडक्यात दोन भाकरी. एक भाकर येताना खायची, तर ती खाल्लीच नव्हती. म्हटलं, "खा की गं." म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. जमलं न्हाई तर दुपारच्या मोटारीनं परत जावं लागंल. वाटंत लागतीन."

घर ठरलं होतं ते एका मारवाडी जैन शेटजींचं, सरकीचा व्यापार. पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात राहिलेली माणसं; मराठी आमच्याइतकीच बोलतात, वर थोडं तूप घालून. मोठी सून बदामबाई दिसायला गोल, हसतमुख, आणि कामाच्या ओझ्यानं टेकीला आलेली. तिच्या मुलीचं लग्न पंधरवड्यावर होतं. तिला राहणारी बाई हवीच होती. पण घरात हुकूम चालायचा तिच्या सासूचा. तिला सगळे माँसा म्हणत. गुडघे गेलेले, कान शाबूत, नजर घारीची. माँसांचं म्हणणं एकच: परकं माणूस दिवसा ठीक, रात्री घरात बिलकुल नको.

माझ्या माणसांना मी एक शिस्त लावली आहे. नव्या घरी घरातल्या वडील माणसानं "आत ये" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तहान लागली तरी नाही. कारण नव्या घरात चमचा जरी हरवला, तरी घरच्यांच्या तोंडी पहिलं नाव नव्या माणसाचंच येतं. हे मी काशीला मोटारीत पाठ करून घेतलं होतं. तिला बाहेर ओट्यावर बसवलं आणि मी आत गेले.

चौकात खाटा मांडलेल्या, त्यांवर जुनी धोतरं आणि धोतरांवर लग्नाचे मुगाचे पापड. असे गोल, असे पातळ, की सूर्यसुद्धा हात आवरून तापत असावा. चौकाच्या एका बाजूला कोठीची खोली. पापडाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, तुपाचे टिन. बदामबाई म्हणाली, "हितं झोपंल ती. थंड हाय."

जागा खरंच चांगली होती. कोरडी, स्वच्छ, वर जाळीची छोटी खिडकी. फक्त दाराला कडी होती ती बाहेरून.

मी म्हटलं, "बदामबाई, कडी आतून पाहिजे."

मागून माँसांचा आवाज आला, "आतून कशाला?"

"माणूस झोपतं आतून कडी लावून, माँसा."

"आणि ती आतून कडी लावून आमचं तूप खात बसली मंग? कडी हाय तिथं बराबर हाय. रात्री आमी बाहेरून लावू, सकाळी जल्दी काढू. तिलाबी फिकीर नको, आमालाबी नको."

बदामबाईनं माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी ओळखलं, आता वाद घातला तर काशी दुपारच्या मोटारीत. अशा वेळी माझ्याकडे एकच हत्यार असतं. मी म्हटलं, "बरं, आधी झोपून तर बघते. मग बोलू." आणि तुपाच्या टिनाला डोकं लावून आडवी झाले. विचार असा होता की पडल्या पडल्या काहीतरी युक्ती सुचेल.

पहाटेची मोटार, थंडगार फरशी, वर तुपाचा वास. युक्तीच्या आधी झोप आली.

जागी झाले तेव्हा खोलीत अंधार होता. दार बंद. ढकललं, तर बाहेरून कडी. नंतर समजलं ते असं: गावात मुनिमहाराज आले होते, आणि माँसा सोडून सगळं घर मागच्या दारानं व्याख्यानाला निघून गेलं होतं. बदामबाईला वाटलं, मावशी पुढच्या ओट्यावर काशीजवळ असतील. आणि माँसांनी पडवीत जपाला जाता जाता, आत न बघता, रोजच्या सवयीनं, हात लांब करून कोठीची कडी लावली.

मी पापडाच्या डब्यावर चढून जाळीतून बघितलं. देवा! माँसा समोरच होत्या, पडवीत, दहा पावलांवर. आसनावर बसलेल्या, तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधलेली, हातात माळ, पुढ्यात काचेची वाळूची घडी.

"माँसा! अहो माँसा! कडी काढा!"

माँसांनी डोळे उघडले. मला पाहिलं. डोळे विस्फारले. आणि एक बोट उचलून त्यांनी वाळूच्या घडीकडे दाखवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जैन घरांत सामायिक करतात. घडीतली वाळू खाली येईपर्यंत एका आसनावर बसायचं, धर्माशिवाय दुसरं बोलायचं नाही, संसाराचं कुठलंही काम करायचं नाही आणि कुणाला सांगायचंही नाही. एकदा व्रत घेतलं की घर पेटलं तरी वाळू संपेपर्यंत हलायचं नाही, अशा निष्ठेच्या बाया मी पाहिल्यात. माँसा त्यांतल्या पहिल्या ओळीतल्या. आणि घडीतली वाळू, शपथेवर सांगते, कण कण मोजून पडत होती.

मी हात जोडले, कपाळ बडवलं, तुपाचा टिन वाजवला. माँसा माळ ओढत राहिल्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. धर्माचं बोलायला तर परवानगी आहे!

"माँसा," मी अगदी शिष्याच्या आवाजात म्हटलं, "धर्माची एक शंका हाय. जिवंत जीवाला कोंडून ठेवलं, तर त्याला काय म्हणतात?"

माळ थांबली. मुहपत्तीतून आवाज आला, "दोष."

"लहान का मोठा?"

माळेचा एक मणी पुढं सरकला. मग, "मोठा."

"मग त्याला उपाय?"

माँसांनी पुन्हा घडीकडे बोट दाखवलं. मोठ्या दोषालाही वाळू संपेपर्यंत थांबावं लागणार होतं.

एवढ्यात मागच्या दारानं चांदी आत आली. चांदी म्हणजे शेटजींची गाय. दावं कुणी सैल बांधलं होतं कोण जाणे. पाहुणीसारखी ऐटीत चौकात आली, चहूकडे पाहिलं, आणि पहिल्या खाटेजवळ जाऊन एक पापड उचलला. कुर्रर्र.

मी किंचाळले, "माँसा! लग्नाचे पापड!"

माँसांच्या चेहऱ्यावर जे काही उमटून गेलं ते मला कुठल्या नाटकात बघायला मिळालं नाही. अर्धी माँसा आसनावरून उठून काठी शोधत होती आणि अर्धी माँसा व्रताला चिकटून बसली होती. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि नवकार मंत्र मोठ्यानं म्हणायला लागल्या. चांदी जितकं जोरात चावे, तितक्या जोरात माँसांचा जप.

"माँसा, गायीच्या तोंडचा घास काढणं, हाही दोषच का हो?"

"तोबी दोषच!" माँसा जवळजवळ रडत म्हणाल्या आणि पुन्हा जपाला लागल्या.

आता फक्त काशी उरली. जाळीतून मान वाकडी केली की चौकापलीकडे पुढचं दार आणि दारापलीकडे ओटा दिसत होता. आरडाओरडा ऐकून ती दारात येऊन उभी राहिली होती. उंबऱ्याच्या बाहेर, पायाची बोटं अगदी लाकडाला लावून.

"काशे! आत ये! कडी काढ! गाय हाकल!"

काशी हलली नाही. "मावशी, तुमीच म्हणल्या, वडील माणसानं बोलावल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई."

"मी बोलावते आहे ना!"

"तुमी या घरच्या न्हाईत."

माझ्या शिस्तीनं मलाच गाठलं. काशीनं माँसांकडे बघून हाक दिली, "माँसा, येऊ का?"

माँसांची मुहपत्ती हलली आणि थांबली. "ये" म्हणणं म्हणजे संसाराचं काम सांगणं. त्या पुन्हा माळ ओढायला लागल्या.

काशी तिथंच उभी. मी तिचा चेहरा बघत होते आणि माझी सगळी गंमत एका क्षणात उतरली. घरची मंडळी बाहेर असताना ही नवी बाई आत शिरली, शेटजी नेमके आले, आणि एखादा डबा इकडचा तिकडे दिसला, तर हिला ही जागा मिळणार नाही. बाहेरून कडी लावलेलीसुद्धा नाही. आणि नाही शिरली, पापड सगळे संपले, तर माँसा म्हणणार, डोळ्यांदेखत नुसती उभी राहिली. दोन्हीकडून दुपारची मोटार.

काशीनं मान वळवून ओट्यावरच्या बोचक्याकडे पाहिलं. मग खाली बसली, बोचकं सोडलं, फडक्यातली भाकर काढली. आणि उंबऱ्याच्या बाहेरूनच, हात पुढं करून, तिनं हाळी दिली.

ती हाळी मी लिहून दाखवू शकत नाही. टाळूवर जिभेची एक टिचकी, मग घशातून एक लांब, गोल आवाज. संध्याकाळी शेताकडून गुरं वळवताना बायका काढतात तो. जालन्याच्या त्या गल्लीत, दुकानांच्या आणि टांग्यांच्या गलक्यात, एकदम शिवार आल्यासारखं झालं.

चांदीनं कान फिरवले. तोंडात अर्धा पापड तसाच. वळली, आणि सासरहून माहेरी निघाल्यासारखी चौकातून, देवडीतून, उंबऱ्यावरून संथ पावलांनी बाहेर गेली. काशीनं तिला एक भाकर दिली. मग दुसरी. मग बोचक्याच्या फडक्याचा फास करून तिला ओट्याच्या खांबाला बांधलं, आणि स्वतः उन्हात तिच्याजवळ उभी राहून गळपोळी खाजवायला लागली. तिचं सगळं सामान, ते लुगडं आणि ती फणी, ओट्यावर उघडं पडलं होतं.

परतीच्या भाकरी गाईच्या पोटात गेल्या होत्या.

मी पडवीकडे पाहिलं. माँसांची माळ थांबलेली. त्या दाराकडे एकटक बघत होत्या. गाईच्या तोंडचा घास कुणी काढला नव्हता. तिला उलट जास्तच मिळालं होतं. आणि खाटेवरचे पापड, एक रांग सोडली, तर जसेच्या तसे.

मंडळी परत आली ती याच देखाव्यावर. पुढच्या खांबाला गाय, तिच्याशेजारी परकी बाई, ओट्यावर लुगडं आणि कोठीतून माझा आवाज. बदामबाई ओरडली, "अगं बाई, मावशी आत काय करून राह्यल्या?" शेटजीही दुकानातून आले. कुणी कडीला हात लावणार तोच माँसांनी बोट वर केलं. सगळे जागच्या जागी. चिमूटभर वाळू उरली होती. सगळं घर त्या काचेभोवती उभं राहून वाळू बघत बसलं. मी डब्यावर उभी राहून जाळीतून. आयुष्यात एवढी लोकं एवढ्या थोड्या वाळूकडे बघताना मी पाहिली नाहीत.

शेवटचा कण पडला. माँसांनी सावकाश विधी पुरा केला, मुहपत्ती सोडून दुमडून ठेवली. आणि म्हणाल्या, "सुताराला बोलवा."

मी आतून ओरडले, "आधी मला काढा की वो!"

"कडी निघाली की तुमीबी निघाल."

"माँसा, नुसती सरकवली तरी निघेन!"

"न्हाई. ती कडी आता बाहेरून परत लागायची न्हाई, आणि हात लागला की सवयीनं परत लागंल." मग शेटजींकडे वळून, बारीक आवाजात: "इतकी वर्षं धर्म करून राह्यले, आणि रोज रात्री एक जीव कोंडायला निघाले होते. मला मावशीनं जाळीतून शिकवलं."

सुतार गल्लीतलाच होता. त्यानं बाहेरची कडी उपटली तेव्हा मी बाहेर आले, केसांत पापडाचं पीठ, अंगाला तुपाचा वास. पोरं मला बघून लोळली. मी त्यांना नमस्कार केला. मग त्यानं तीच कडी दाराच्या आतल्या बाजूला ठोकली. माँसा भिंत धरत धरत, दोन्ही गुडघ्यांना नावं ठेवत, स्वतः पुढच्या दारापर्यंत गेल्या.

"ये गं आत," त्या म्हणाल्या.

काशीनं उंबरा ओलांडला.

आता, लोक मला जो प्रश्न विचारतात त्याचं उत्तर. ठेवावी. जिथं आतून कडी लावू द्यायची तयारी आहे, तिथं जरूर ठेवावी. घर आणि बाई दोन्ही सुखी होतात. तयारी नसेल तर भांडी आपली आपण घासावी, हातही चांगले राहतात. सगळ्याच दारांना मी आतून कडी बसवू शकले असं नाही. कुठं गोडीनं, कुठं हसवून, कुठं पाय बैठकीत काढून जेवढं जमलं तेवढं केलं. जिथं जमलं नाही त्या घरांवरून जाताना मी अजून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालते.

पण त्या दिवशी काय झालं ते राहिलंच. काशी कोठीत गेली, सामान ठेवलं, आणि दार लावलं. आतून कडीचा आवाज आला. साधा, लोखंडाचा, खट. आम्ही सगळे चौकात उभे. थोड्या वेळानं बदामबाईला आठवलं की स्वयंपाक व्हायचाय, आणि तूप कोठीत आहे. ती रिकामी वाटी घेऊन दारापर्यंत गेली, हात कडीच्या जुन्या जागी गेला. तिथं फक्त भोकं होती. तिनं मागं वळून माँसांकडे पाहिलं. माँसा माळ ओढत होत्या, पण डोळे हसत होते.

मग त्या घरच्या मोठ्या सुनेनं आपल्याच कोठीच्या दारावर दोन बोटांनी टकटक केली.

"काशीबाई," ती म्हणाली, "येऊ का?"

आतून आवाज आला, "जरा थांबा."

आणि बदामबाई वाटी घेऊन थांबली.